वय 4 ते 74, आणि चौघांचं एक पॅकेज

धायरीच्या एका वाचक ताईंचं पत्र लांब आहे, म्हणून त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथे देते.

"आमच्या सोसायटीला लागून मार्शल आर्टचा नवा क्लास निघालाय. कराटे, किकबॉक्सिंग, सेल्फ डिफेन्स, सीनियर फिटनेस, सगळं एकाच हॉलमध्ये. बोर्डावर 'वय 4 ते 74' असं लिहिलंय. मुलगा 9 वर्षांचा आहे. शाळेच्या व्हॅनमध्ये दोन मोठी मुलं त्याला टपल्या मारतात, डबा ओढून घेतात. हे मला शेजारच्या मुलीकडून कळलं, तो स्वतः अवाक्षर काढत नाही. मुलगी 16 ची, अकरावीला. टिळक रोडवरच्या क्लासहून बसने घरी यायला तिला साडेआठ होतात. तिला बॉक्सिंगच शिकायचंय आणि ते घरात कुणालाच पसंत नाही, आम्ही कराटे सुचवतोय. हे 46 चे, पाठदुखी आणि पोट. सासूबाई 69 च्या, डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलंय. पण लहानपणी राष्ट्र सेवा दलात लाठी-लेझीम केलेली, त्यामुळे सगळ्यात जास्त उत्साह त्यांनाच. चौघांचे वर्षाचे 62 हजार, या रविवारपर्यंत भरले तर 48. दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी देतात, आणि त्याचे दहावीला मार्क मिळतात असंही म्हणतात. भरू का? ता. क. ड्रेस त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल का?"

ताई,

रविवारपर्यंत पैसे भरू नका. ही सवलत पुढच्या रविवारीही असेल. नसलीच तर गणपतीत असेल, दिवाळीत तर नक्की.

क्लास वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी तो पाहिलेलाच नाही. पण तुमच्या घरातल्या चौघांना चार वेगळ्या गोष्टी हव्या आहेत, आणि त्यांतल्या दोघांचं पहिलं काम क्लासबाहेर करायचं आहे. एक पावती फाडून चारही काळज्या मिटतील असं पॅकेज मला तरी अजून दिसलेलं नाही.

मुलापासून सुरुवात करते, कारण घाई तिथे आहे. व्हॅनमध्ये दोन थोराड मुलं त्याला मारतात म्हणून त्याला कराटे लावायचं, याचा अर्थ मोठ्यांचं काम त्याच्या गळ्यात घालायचं. दोन महिन्यांत तो फार तर एक-दोन ब्लॉक आणि पंच शिकेल. तेवढ्या भांडवलावर, चालत्या व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसलेला असताना, तो सातवी-आठवीतल्या मुलांच्या अंगावर गेला तर मार वाढेल. शिवाय "कराटेला जातोस ना, दाखव की मग!" हे रोज ऐकावं लागेल ते वेगळंच. मी बरीच वर्षं शाळेत खेळ शिकवला. क्लासला जाणारा मुलगा हे चिडवणाऱ्यांना आयतं निमित्त असतं, हे मधल्या सुट्टीत मैदानावर उभ्या राहणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

तेव्हा आधी शाळा. शाळेच्या बस-व्हॅनसाठी महाराष्ट्राचे 2011 चे नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. वर्गशिक्षिकेच्या कानावर घालून थांबू नका. मुख्याध्यापकांना आणि त्या समितीला लेखी द्या, त्यात तारखा आणि काय काय झालं ते लिहा, अर्जाची पोच घ्या. व्हॅनकाकांना स्वतः भेटून सांगा की त्याला त्या दोघांपासून लांब, तुमच्या नजरेखाली बसवा. आणि हे सगळं करण्याआधी मुलाला सांगा. त्याच्या नकळत तुम्ही शाळेत जाऊन आलात आणि ते त्याला व्हॅनमध्ये कळलं, तर पुढच्या वेळी तो तुम्हालाच काही सांगणार नाही.

हे मार्गी लागलं की त्याला क्लासला जरूर घाला, पण मजेसाठी. माझा कल ज्यूदोकडे आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा सल्ला किती तोलायचा ते तुम्हाला ठरवता येईल. जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक. 1882 मध्ये त्यांनी टोकियोत कोडोकान काढलं आणि जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले हात-पाय मोडणारे डाव मोकळ्या सरावातून बाजूला ठेवले. त्यामुळे जोडीदाराशी पूर्ण ताकदीने झटायचं आणि तरी दोघांनी धडधाकट घरी जायचं, हे शक्य झालं. ज्यूदोत सगळ्यात आधी शिकवतात ते पडणं, म्हणजे उकेमी. हनुवटी छातीला, पाठ गोल, हाताचा तळवा मॅटवर फाडकन. मुलं आठवडाभर नुसती धडाधड पडत असतात आणि त्यांना त्यात प्रचंड आनंद होतो. पुढे सायकलवरून घसरताना हेच पडणं उपयोगी येतं, आणि तो प्रसंग प्रत्येक मुलावर येतो. दुसरं म्हणजे कुणीतरी घट्ट धरून ठेवलंय, हलता येत नाहीये, तरी श्वास चालू ठेवायचा आणि वाट शोधायची, हे अंगात मुरतं. बुजऱ्या मुलांमध्ये मी सगळ्यात मोठा फरक पाहिलाय तो इथे.

हेच कुस्तीतही मिळतं आणि त्यासाठी पुणेकराला जपानला जायची गरज नाही. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम ही नावं तुमच्या सासूबाईंना नक्की ठाऊक असतील. गुरुजी तालीम आज आपल्याला मानाचा तिसरा गणपती म्हणून माहीत, पण नाव बघा कशाचं आहे. जोतीराव फुले दांडपट्टा शिकले ते लहुजी वस्ताद साळव्यांकडे, याच शहरात. धायरीहून रोज पहाटे पेठेत पोराला नेणं आणि मग सातची शाळा गाठणं तुम्हाला जमणार नाही, हे मी जाणून आहे. तरी एका रविवारी त्याला घेऊन तालमीत जाऊन या. तेल, ताक, हळद घातलेली ती लाल माती, वस्तादांसमोर वाकून आत उतरणारी मुलं आणि जोर-बैठकांची लय त्याला बघू दे. आवडलं तर तो स्वतःच विचारेल.

ज्यूदोही जवळ नाही, कुस्तीही नाही, तर कराटे. त्यात कमीपणा काही नाही. घरापासून पाच मिनिटांवरचा बऱ्यापैकी कराटे क्लास हा बाणेरच्या उत्तम ज्यूदो क्लासपेक्षा चांगला, कारण सिंहगड रोडवरून संध्याकाळी सहाला निघून बाणेरला रोज पोचणारं कुटुंब अजून जन्माला यायचंय. एकच अट ठेवा. या वयात डोक्यावर ठोसा किंवा लाथ चालणार नाही, हेल्मेट घालूनसुद्धा नाही. हेल्मेटने कपाळ फुटायचं वाचतं, कवटीच्या आत मेंदू हादरायचा तो हादरतोच.

आता ब्लॅक बेल्टची हमी. चांगल्या ठिकाणी काळ्या पट्ट्यापर्यंत पोचायला नियमित जाणाऱ्यालाही चार-पाच वर्षं सहज लागतात. तायक्वांदोमध्ये तर कोरियातली कुक्कीवॉन ही मुख्य संस्था 15 वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांचा 'दान' (काळ्या पट्ट्याचा दर्जा) देतच नाही, त्यांच्यासाठी 'पूम' हा वेगळा दर्जा आहे. दीड वर्षात हमीने मिळतो तो पट्टा दुकानातही मिळतो, आणि तिथे स्वस्त पडेल. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकूण किती परीक्षा आणि प्रत्येकीची फी किती, हे एका कागदावर लिहून मागा. महिन्याची फी कमी ठेवून खरी वसुली ग्रेडिंगला करणारे क्लास बरेच आहेत. दहावीच्या मार्कांचं म्हणाल तर ते पट्ट्याला मिळत नाहीत. शासनाने मान्य केलेल्या स्पर्धांमधल्या कामगिरीला मिळतात, आणि त्याचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत मंडळाकडे जातो. एखाद्या मंगल कार्यालयात भरलेल्या 'इंटरनॅशनल ओपन'चं सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसतं, एवढाच त्याचा उपयोग. स्पर्धेतच उतरायचं असेल तर हेही माहीत असू द्या की ज्यूदो, कुस्ती, बॉक्सिंग, तायक्वांदो हे ऑलिम्पिक खेळ आहेत. कराटे एकदाच, टोकियोत होतं. 2024 च्या पॅरिसमध्ये ते नव्हतं.

मुलीला बॉक्सिंग करू द्या. तुम्ही कराटे सुचवता आहात कारण ते सभ्य वाटतं, पांढरे स्वच्छ कपडे, वाकून नमस्कार. पण 16 वर्षांची मुलगी स्वतःहून, अभ्यास सांभाळून, घाम गाळणारी गोष्ट मागते आहे. ती नाकारून दुसरी दिलीत तर महिन्याभरात ती दोन्ही सोडेल. बॉक्सिंग म्हणजे नाक फोडून घेणंच असं नाही. दोरीवरच्या उड्या, फूटवर्क, बॅग, पॅड यांवर माणूस वर्षानुवर्षं मजेत राहू शकतो. डोक्यावर मार घेणारं स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, मात्र नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा लहान आणि किशोरवयीन मुलांच्या बॉक्सिंगला उघड विरोध आहे तो याच कारणाने. सरांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. बॅग आणि पॅडपुरतं शिकवायला जे तयार नाहीत त्यांच्याकडे जाऊ नका.

पण तिच्या साडेआठच्या बसची काळजी बॉक्सिंगने मिटेल असं समजू नका. कराटेनेही नाही, आणि कॉलेजात होणाऱ्या दोन दिवसांच्या शिबिराने तर अजिबात नाही. त्या शिबिरांत मैत्रीण मनगट हलकेच धरते आणि आपण ते झटक्यात सोडवतो. समोरचा खरोखर ओढत असतो तेव्हा तसं घडत नाही. जो क्लास जोडीदाराला पूर्ण विरोध करायला लावतो, ओरडायचा सराव घेतो (आपल्या मुलींना ओरडायला केवढं अवघड जातं, एकदा बघाच), आणि सुटल्यावर पळायला शिकवतो, तिथेच थोडाफार उपयोग होतो. शिवाय त्रास देणारा बहुतेक वेळा अंधारातला अनोळखी नसतो. तो ओळखीचा असतो, मित्राचा मित्र, क्लासमधला कुणी, नात्यातला. त्याला मुस्कटात मारण्याच्या फार आधी "मला हे आवडत नाही, मी निघते" हे मोठ्याने म्हणता यावं लागतं.

याला आधार आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींवर केलेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलींना 12 तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यात शारीरिक बचाव होता, पण ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळेत ओळखणं, भिडेखातर गप्प न बसणं यावरही तितकाच भर होता. वर्षभरानंतर, नुसती माहितीपत्रकं दिलेल्या मुलींमध्ये बलात्काराचं प्रमाण 9.8 टक्के होतं आणि प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये 5.2 टक्के. तुमच्या जवळच्या क्लासात 'सेल्फ डिफेन्स'च्या तासाला यातलं काय शिकवतात ते विचारा. नुसत्या उडत्या लाथा असतील तर तो तास व्यायाम म्हणून ठीक.

कायद्याचंही थोडं तिला सांगून ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांनी स्वतःचा आणि दुसऱ्याचा बचाव करण्याचा हक्क दिलाय, पण कलम 37 प्रमाणे बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते. पडलेल्या माणसाला आणखी चार लाथा घालणं त्यात बसत नाही. 112 नंबर तिच्या फोनमध्ये असू दे. आणि बसथांब्यावर घ्यायला बाबांनी जायचं, कारण ते काम कुठल्याच पॅकेजमध्ये येत नाही. त्यांच्या पाठीलाही चालणं होईल.

त्यांचं बाकी थोडक्यात. पाठदुखीचं कारण आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावं, रक्तदाब तपासावा, आणि चाळिशीपुढच्या नवशिक्यांची वेगळी बॅच असेल तरच जावं. विशीतल्या पोरांबरोबर पहिल्याच आठवड्यात ईर्षेने स्पॅरिंग करणारे गृहस्थ तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याला पट्टा बांधून दिसतात. यजमानांचा स्वभाव तसा असेल तर तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक.

सासूबाईंचं पत्रात वाचलं आणि फार बरं वाटलं. त्यांना "आता तुमचं वय का?" असं कुणी म्हणू नका. तरी हाडांचं दुखणं खरं आहे, आणि अशा माणसाला पडायला शिकवायचं नसतं, पडू नये म्हणून शिकवायचं असतं. मी मुलासाठी ज्याचं एवढं कौतुक केलं ते उकेमी, उड्या, कंबरेतून झटक्याने वळणं, ओझं घेऊन पुढे वाकणं, हे सगळं त्यांना वर्ज्य. डॉक्टरांना विचारून त्यांच्यासाठी ताय ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम बघा. त्याचा 1956 मध्ये चीनमध्ये सर्वसामान्यांसाठी बसवलेला 24 हालचालींचा सोपा संच आहे. त्यात वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर इतकं सावकाश न्यायचं असतं की बघणाऱ्याला वाटतं हे काही करतच नाहीयेत. करून बघा, मांड्या थरथरतात. वयस्क माणसांच्या पडण्यावर झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा 2019 मध्ये आला. त्यात ताय ची करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्याने कमी आढळलं. शिक्षक मिळाला नाही तर तोल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

आणि लाठी? हलकी वेताची काठी, भिंतीशेजारी किंवा खुर्चीजवळ उभं राहून, मनगटातून सावकाश फिरवायला हरकत नसावी. खांदा दुखत नाही ना, एवढं बघा. दांडपट्ट्याला 2024 मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला तेव्हा आम्हा जुन्या मंडळींना काय वाटलं ते त्यांना विचारा. सेवा दलाचं साने गुरुजी स्मारक तुमच्याच सिंहगड रोडवर आहे. एखादी जुनी मैत्रीण भेटली तर त्यांना पन्नास क्लासांपेक्षा जास्त आनंद होईल.

राहिला तो क्लास. डेमो बघायला जाऊ नका, तो बघण्यासाठीच बसवलेला असतो. एखाद्या बुधवारी, न सांगता, साडेसहाला जाऊन मागे बसा. बसू देत नसतील, "पालकांमुळे मुलांचं लक्ष विचलित होतं" म्हणून दार लावून घेत असतील, तर तिथूनच परत या. बाकी कितीही चांगलं असलं तरी. मुलांच्या बाबतीत बंद दार मला मान्य नाही. बसू दिलं तर जमीन बघा. टाइल्सवर पातळ चटई टाकून आपटाआपटी चालली असेल तर ते धोक्याचं. स्पर्धेची ज्यूदो मॅट 4 सेंटिमीटर जाड असते. नुसत्या लाथा-ठोशांना त्याहून पातळ चालते, पण तुकड्यांमध्ये फटी नसाव्यात, बोट त्यातच अडकतं. पाणी प्यायला, लघवीला मुलांना जाऊ देतात का? शिक्षा म्हणून बसून बेडूकचाल करायला लावतात का? गुडघ्यांची त्यात वाट लागते. सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात ढिल्या मुलाकडे सर किती वेळा वळतात? पुढच्या रांगेतली मुलं कुठल्याही क्लासात चांगलीच असतात.

मग सरांना एकच प्रश्न विचारा. "इथे शेवटची दुखापत कुणाला झाली आणि तुम्ही काय केलंत?" आमच्याकडे कधीच काही होत नाही, असं उत्तर आलं तर ते खोटं आहे. मारामारीच्या खेळात मनगटं मुरगळतात, ओठ फुटतात. ज्यांनी बर्फ कुठे ठेवलाय, कुठल्या दवाखान्यात नेलं, पालकांना कधी फोन केला आणि त्या मुलाला किती दिवसांनी परत घेतलं हे सांगितलं, त्यांच्याकडे मी मुलगा सोपवेन.

पैसे फक्त मुलाचे आणि मुलीचे, तेही दर महिन्याला किंवा फार तर तीन महिन्यांचे. वर्षाचेच घेतो म्हणाले तर त्यांना हसून सांगा की मुलांचं काही खरं नाही. हे कुणालाही पटतं.

तुमच्या ता. क.बद्दल. मुलाला पहिला महिना-दीड महिना टी-शर्ट आणि ट्रॅक पँटवर पाठवा. टिकला की ड्रेस घ्या. क्लासचा बिल्ला हवा असेल तर तो वेगळा विकत घेऊन घरी शिवता येतो, तसं विचारा. सुती ड्रेस पहिल्या धुण्यातच आटतो, आणि पोराची उंची थांबत नाही, तेव्हा एक माप मोठा घ्या आणि बाह्या दुमडून टाका. मुलीला हाताला गुंडाळायच्या पट्ट्या स्वतःच्या घ्या, साडेचार मीटर लांबीच्या. क्लासचे ग्लव्ह्ज दहा जणांच्या घामाचे असतात, त्यामुळे जमलं तर तेही स्वतःचे. आणि घरी आल्यावर ते बॅगेत कोंबून ठेवू नकोस, गॅलरीत उघडे वाळत टाक, हे तिला रोज सांगावं लागेल.